विमान समुद्रावर नाहीसं होतं तेव्हा नेमकं काय होतं?

बर्म्युडा ट्रँगल शाळेतल्या पोरांनाही माहीत असतो. पण आपल्याच अरबी समुद्रावर २५ मार्च १९८६ ला भारतीय हवाई दलाचं एक एएन-३२ जातीचं मालवाहू विमान सात माणसांसकट नाहीसं झालं आणि आजपर्यंत त्याचा साधा पत्राही हाती लागला नाही, हे बहुतेकांनी ऐकलेलंच नसतं. ते विमान नवंकोरं होतं, सोव्हिएत युनियनहून भारतात आणलं जात होतं, मस्कतला थांबून पुढे जामनगरला यायचं होतं. हा शेवटचा टप्पा साधारण १२०० किलोमीटरचा, आणि त्यातला बहुतेक भाग पाण्यावरून. विमान मस्कतहून निघालं आणि जामनगरला पोचलंच नाही. गोष्ट एवढ्यावरच थांबते, पुढे सांगण्यासारखं काही हातातच नाही, आणि मला वाटतं म्हणूनच ती कुणी सांगत नाही.

मी गोव्यात, वास्कोत राहतो. दाबोळीवरून उठणारी नौदलाची विमानं इथे रोजचीच, त्यांचा आवाज इतका अंगवळणी पडलाय की कुणी मान वर करूनही बघत नाही. पण विमान हरवल्याची बातमी आली की नाक्यावर, बसमध्ये, मासळी बाजारात एकच प्रश्न ऐकू येतो, आजच्या काळात, सॅटेलाइट आणि मोबाइल असताना, एवढं मोठं विमान सापडत नाही म्हणजे काय? प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तरही आहे, फक्त ते एका वाक्यात बसत नाही.

सुरुवात रडारपासून करू, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. आपल्याला वाटतं रडारला सगळं दिसतं. रडारच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. दोनापावलाच्या जेटीवर उभं राहून बाहेर जाणारा ट्रॉलर बघा, आधी त्याचं बूड दिसेनासं होतं, मग केबिन, शेवटी नुसती काठी दिसते आणि तीही जाते, तो बुडालेला नसतो, फक्त पाण्याच्या गोलाईआड गेलेला असतो. विमानाचंही तसंच. विमान जितकं उंच तितकं लांबून दिसतं. २३,००० फुटांवर असेल तर किनाऱ्यावरच्या रडारला साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास दिसू शकतं, तेच १,००० फुटांवर आलं की सत्तरेक किलोमीटरच्या पलीकडे दिसत नाही.

आता हा हिशेब २०१६ मध्ये बंगालच्या उपसागरावर हरवलेल्या विमानाला लावून बघा. २२ जुलै २०१६, सकाळी साडेआठला चेन्नईजवळच्या तांबरमहून हवाई दलाचं एएन-३२ पोर्ट ब्लेअरला निघालं. आत २९ माणसं, हवाई दलाची होती, सैन्याची, नौदलाची, तटरक्षक दलाची होती आणि काही नागरी कर्मचारीही होते. चेन्नईच्या रडारवर ते शेवटचं दिसलं तेव्हा किनाऱ्यापासून २८० किलोमीटरच्या आसपास होतं, २३,००० फुटांवरून डावीकडे वळत झपाट्याने खाली येत होतं, आणि मग पडद्यावरून गेलं. एवढ्या अंतरावर चेन्नईहून साधारण १५,००० फुटांच्या खालचं काही दिसतच नाही. म्हणजे विमानाचे शेवटचे १५,००० फूट, ज्यात खरं काय ते घडलं, ते कुणालाच दिसलेले नाहीत. ते फिरत खाली आलं का, हवेतच तुटलं का, पायलटने सावरून थोडं अंतर काढलं का, काही कळायला मार्ग नाही. लोक म्हणतात रडारवरून "अचानक" गेलं म्हणजे काहीतरी भलतंच घडलं असणार. अचानक जाणारच हो, ते क्षितिजाखाली गेलं.

आणि तिथून पुढे शोधाचं गणित सुरू होतं, जे फार निर्दयी आहे. ताशी साडेचारशे किलोमीटर वेगाने उडणारं विमान मिनिटाला साडेसात किलोमीटर जातं. समजा शेवटची पक्की जागा आणि प्रत्यक्ष पडण्याची वेळ यात दहाच मिनिटांचा फरक आहे आणि ते कुठल्या दिशेने गेलं ते माहीत नाही, तर ७५ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ होतं, साधारण साडेसतरा हजार चौरस किलोमीटर. आपलं अख्खं गोवा, पेडण्यापासून काणकोणपर्यंत, ३,७०२ चौरस किलोमीटर. म्हणजे पावणेपाच गोवे पालथे घालायचे, तेही पाण्यावर, तेही जुलैच्या ऐन पावसाळ्यात, आणि दर तासाला तरंगणारी वस्तू वाऱ्याने आणि प्रवाहाने अजून पुढे सरकतेय ती वेगळीच. १९८६ च्या विमानाबाबत तर कोंडी याहून मोठी, कारण मधल्या समुद्रावर किनाऱ्याचं रडार पोचतच नाही, विमान रेडिओवर बोललं तरच ते कुठे आहे ते कळणार.

मग सॅटेलाइट काय करतात? विमानात एक इमर्जन्सी ट्रान्समीटर असतो, आदळल्यावर आपोआप सुरू होऊन ४०६ मेगाहर्ट्झवर सिग्नल पाठवतो आणि तो सॅटेलाइट पकडतात. जमिनीवर ही गोष्ट फार कामाची. समुद्रात मात्र दोन अडचणी, एक तर जोरात आदळल्यावर अँटेनाच तुटतो, आणि दुसरं म्हणजे खारं पाणी वीजवाहक असल्यामुळे रेडिओ लहरी त्यात थोडंसंच अंतर जाऊन मरतात. विमान बुडालं की तो ट्रान्समीटर मुका. नागरी विमानांत आणखी काही सोयी असतात, ती सॅटेलाइटमार्फत कंपनीशी अधूनमधून संपर्क ठेवतात, २०१४ साली मलेशियाचं एमएच-३७० हरवलं तेव्हा असल्याच क्षीण सिग्नलांवरून ते कुठल्या पट्ट्यात गेलं असेल त्याचा अंदाज बांधता आला. जुन्या लष्करी मालवाहू विमानांत तसलं काही नसायचं, आणि लष्करी विमान म्हटल्यावर आपली जागा सतत जगाला सांगत उडणं हे त्याच्या कामातच बसत नाही. नागरी विमानापेक्षा लष्करी विमान शोधणं अवघड जातं त्याचं एक मोठं कारण हे.

पाण्याखाली चालतो तो आवाज. खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला दीड किलोमीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने. म्हणून ब्लॅक बॉक्सला एक छोटा पिंगर लावतात, पाणी लागलं की तो ३७.५ किलोहर्ट्झवर, आपल्या कानाला ऐकू न येणारा, टक्-टक् आवाज करत राहतो. बॅटरी पूर्वी ३० दिवसांची असायची, आता नव्या ९० दिवसांच्या येतात. पण आवाज ऐकू येतो दोन-तीन किलोमीटरपर्यंत. २०१६ चं विमान पडलं तिथल्यासारखा समुद्र ३४०० मीटर खोल असेल तर जहाज नेमकं डोक्यावर येऊन उभं राहिलं तरी आवाज पोचेल याची खात्री नाही, मायक्रोफोन केबलला बांधून खोल सोडून ओढत न्यावा लागतो.

पिंगर असला तर काय फरक पडतो त्याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. ८ जून २०१५ ला तटरक्षक दलाचं डॉर्नियर तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ तिघांसकट नाहीसं झालं, शोध लागेना, पण सिंधुध्वज पाणबुडीला त्याच्या बीकनचा, म्हणजे पिंगरचा, आवाज मिळाला आणि जुलैमध्ये साधारण हजार मीटर खोलीवर अवशेष सापडले. २०१६ च्या विमानाच्या वेळी तीच पाणबुडी, नौदलाची आणि तटरक्षक दलाची जहाजं, सागर निधी आणि समुद्र रत्नाकर ही संशोधन जहाजं, सगळी कामाला लागली होती, तरी विमानापर्यंत नेणारा आवाज काही मिळाला नाही.

त्या वेळी संरक्षणमंत्री आपले मनोहर पर्रीकर होते. दुसऱ्याच दिवशी ते तमिळनाडूत पोचले आणि शोधाच्या भागावरून विमानाने जाऊन आले. तेव्हा गोव्यातही लोक रोज विचारायचे, काय सापडलं का. १५ सप्टेंबर २०१६ ला कुटुंबांना कळवण्यात आलं की आता कुणी जिवंत असण्याची शक्यता नाही, सगळ्यांना मृत मानलं जातंय. आपल्या कायद्यात माणूस सात वर्षं कुणाच्या ऐकण्यात आला नाही तर त्याला मृत धरता येतं, इथे चौकशी करून दोन महिन्यांच्या आत ते मानलं गेलं. पेन्शन, विमा, बँक या दृष्टीने ते गरजेचंच होतं. पण शव नाही, तुकडा नाही, कारण नाही, आणि कागद मात्र आला, अशा घरात तेराव्याचं काय करायचं हे कोण सांगणार? त्या घरातल्या लोकांनी पुढची वर्षं कशी काढली असतील याचा विचार न करता जेव्हा कुणी "परग्रहवाले घेऊन गेले" असले व्हिडिओ फिरवतं तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

खोलीचा मुद्दा गोव्यातल्या माणसाला पटकन कळेल, कारण दोन्ही बाजूंचा फरक आपल्यासमोर आहे. गोव्याच्या बाहेर समुद्राचा तळ शंभर-सव्वाशे किलोमीटरपर्यंत हळूहळू उतरत जातो, ट्रॉलर जातात तो सगळा भाग त्या मानाने उथळ, आणि त्याच्या पलीकडे एकदम उतार लागून तळ हजारो मीटर खाली जातो. २६ नोव्हेंबर २०२० ला नौदलाचं मिग-२९के गोव्याजवळच्या समुद्रात पडलं. एका पायलटला वाचवलं, दुसरे कमांडर निशांत सिंग बेपत्ता. कुठे पडलं ते माहीत होतं, पहिला पायलट जिवंत हाती होता, अवशेष तीन दिवसांत मिळाले, किनारा जेमतेम ३० मैलांवर, पाणी ७० मीटर खोल, नौदलाचा तळ इथेच. तरीही त्यांचं पार्थिव मिळायला ११ दिवस लागले. हे सगळं अनुकूल असताना ११ दिवस. आता ७० मीटरच्या जागी ३४०० घाला, आणि "कुठे" या प्रश्नाच्या जागी पावणेपाच गोवे.

जहाजावरून सोनारने, म्हणजे आवाजाच्या लहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून, तळ बघता येतो की, असं कुणी म्हणेल. येतो, पण किती बारीक? एका वेळी अनेक किरण सोडणाऱ्या चांगल्या मल्टीबीम सोनारचा एक किरण साधारण एक अंशाचा असतो. ३४०० मीटर खाली पोचेपर्यंत तो पसरून साठेक मीटर रुंद होतो. एएन-३२ ची लांबी २४ मीटर, पंखांची रुंदी २९ मीटर. म्हणजे अख्खं विमान धडधाकट तळाला बसलं असेल तरी त्या चित्रात एक ठिपकासुद्धा पूर्ण भरत नाही, आणि विमान धडधाकट कधीच नसतं, तुकडे असतात. म्हणून सोनारच खाली न्यावा लागतो, तळापासून थोड्याशा उंचीवर, मानवरहित पाणबुडीत बसवून. ती पाणबुडी ताशी पाच-सात किलोमीटरने चालते आणि एका वेळी अरुंद पट्टा बघते. हे काम महागडं आहे, वेळखाऊ आहे आणि २०१६ मध्ये आपल्याकडे त्याची तयारी पुरेशी नव्हती.

पुढे ती झाली. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने खोल समुद्रासाठी घेतलेली मानवरहित पाणबुडी त्या भागात सोडली, सोनारने तळ तपासला, फोटो काढले, आणि जानेवारी २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने जाहीर केलं की चेन्नईपासून साधारण ३१० किलोमीटरवर ३४०० मीटर खोलीवर विमानाचे अवशेष दिसलेत, ते एएन-३२ शी जुळतात, आणि त्या भागात दुसरं कुठलंही विमान हरवल्याची नोंद नाही. साडेसात वर्षांनी. माझ्या मते ही आपल्या देशातली फार मोठी कामगिरी आहे आणि तिच्याबद्दल जेवढं बोललं जायला पाहिजे होतं त्याच्या पावपटही बोललं गेलं नाही.

इथे दोन प्रश्न वेगळे ठेवायला पाहिजेत, कारण आपण ते कायम एकत्र करतो. विमान कुठे आहे हा एक, आणि ते का पडलं हा दुसरा. २०२४ मध्ये पहिल्याचं उत्तर मिळालं, दुसऱ्याचं अजून नाही. ढग, बर्फ, इंजिन, कंट्रोल, माणसाची चूक, यातलं काय, ते फोटोवरून ठरत नाही. त्यासाठी रेकॉर्डर, म्हणजे ब्लॅक बॉक्स, वर आणावा लागेल. एअर फ्रान्सचं ४४७ विमान १ जून २००९ ला अटलांटिकमध्ये पडलं, ते एप्रिल २०११ मध्ये ३९०० मीटर खोलीवर सापडलं, रेकॉर्डर दोन वर्षं पाण्यात राहूनही वाचता आले आणि अपघात कसा झाला ते मिनिटा-मिनिटाला कळलं. त्या शोधातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सुरुवातीला शेवटच्या जागेजवळ पिंगर ऐकू आला नाही म्हणून सगळे लांब लांब शोधत राहिले. नंतर काही गणितज्ञांनी पुन्हा हिशेब मांडला, समजा पिंगरच बंद पडले असतील तर? मग शेवटच्या जागेजवळच सगळ्यात जास्त शक्यता निघाली आणि तिथेच विमान मिळालं. आवाज आला नाही याचा अर्थ विमान तिथे नाही असा होत नाही, एवढी साधी गोष्ट लक्षात यायला दोन वर्षं गेली.

आता बर्म्युडावाल्या प्रसिद्ध किश्शाकडे येऊ, कारण त्याशिवाय कुणाचं समाधान होणार नाही. ५ डिसेंबर १९४५, अमेरिकन नौदलाची पाच अॅव्हेंजर विमानं फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलहून सरावाला निघाली, १४ जण. प्रमुख होते लेफ्टनंट चार्ल्स टेलर. त्यांनी रेडिओवर सांगितलं की होकायंत्रं बिघडलीत, आणि खालची बेटं बघून त्यांची समजूत झाली की आपण फ्लोरिडाच्या दक्षिणेकडच्या बेटांवर आलोय. प्रत्यक्षात ते बहामाच्या बाजूला असावेत. दक्षिणेला आहोत असं समजून ईशान्येकडे गेलं की माणूस किनाऱ्यापासून अजून लांब, भर समुद्रात जातो. त्यात संध्याकाळ झाली, हवा बिघडली, समुद्र खवळला, इंधन रात्री आठच्या सुमाराला संपणार होतं. त्यांना शोधायला गेलेल्या मोठ्या मरिनर विमानात १३ जण होते, तेही परतलं नाही, पण त्या वेळी जवळच्या एका जहाजाने आगीचे लोळ बघितले होते आणि त्या जातीच्या विमानात इंधनाची वाफ साठायची हे सगळ्यांना माहीत होतं. नौदलाने आधी दोष टेलरवर ठेवला, मग त्यांच्या घरच्यांनी पाठपुरावा केल्यावर "कारण अज्ञात" असा बदल केला. पुढे त्याच दोन शब्दांवर अख्खं भुताटकीचं दुकान उभं राहिलं. कारण अज्ञात म्हणजे पुरावा अपुरा. ती विमानं अजून सापडलेली नाहीत हे खरं आहे, आणि वरचं सगळं गणित बघितलं तर १९४५ च्या साधनांनी ती न सापडण्यात नवल काही नाही.

पुढे काय सुधारेल? काही लष्करी विमानांत, अमेरिकन नौदलाच्या एफ-१८ मध्ये उदाहरणार्थ, रेकॉर्डर आदळायच्या क्षणी सुटून बाहेर पडतो आणि तरंगत राहतो, म्हणजे सिग्नल सॅटेलाइटला मिळतो आणि खोल जायची गरजच कमी होते. समुद्राची माहिती पुरवणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेने २०१६ मध्येच सारात नावाचं एक टूल आणलं, हरवलेली माणसं, बोट किंवा वस्तू वाऱ्या-प्रवाहाने कुठे गेली असेल त्याचा नकाशा ते काढून देतं. आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उलटा उत्तरेकडे, याच्यावर दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत वर्षानुवर्षं काम झालंय. म्हणजे गोव्यासमोर पडलेला तुकडा जुलैत आणि जानेवारीत अगदी वेगवेगळ्या राज्यांच्या किनाऱ्यांवर लागू शकतो.

आणि इथे आपल्या मच्छीमारांचा संबंध येतो. मार्च २०१५ मध्ये नौदलाचं डॉर्नियर रात्री गोव्याजवळ समुद्रात पडलं तेव्हा वाचलेल्या पायलटला मच्छीमार बोटीनेच पाण्याबाहेर काढलं होतं, बाकीचे दोन अधिकारी गेले. फ्रान्सचा एक नामवंत लेखक-वैमानिक १९४४ मध्ये टेहळणीच्या लष्करी विमानासकट नाहीसा झाला होता, त्याचा पहिला धागा १९९८ मध्ये मार्सेयजवळ एका मच्छीमाराच्या जाळ्यात आलेल्या त्याच्या ब्रेसलेटने दिला. एमएच-३७० चा पहिला तुकडा रीयुनियन बेटावर किनारा साफ करणाऱ्या माणसांना मिळाला.

म्हणून खारीवाडा, मालीम, कुटबण, जिथे कुठे हे वाचलं जाईल तिथल्या लोकांना सांगणं आहे. जाळ्यात हलका पांढरट पत्रा आला, त्याला ओळीने रिव्हेट असतील, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा थर असेल किंवा नंबर कोरलेली छोटी पट्टी असेल, तर तो भंगारात देऊ नका आणि परत पाण्यातही टाकू नका. आधी जीपीएसवरची जागा आणि वेळ लिहून घ्या, किती वाव खोलीवर जाळं होतं ते लिहा, फोटो काढा, पट्टी घासून साफ करू नका, आणि तटरक्षक दलाला १५५४ वर फोन करा. विमानाच्या बऱ्याच सुट्या भागांवर नंबर असतो आणि त्यावरून तो भाग कुठल्या विमानाचा ते शोधता येतं. तुकडा चाळीस वर्षांपूर्वीचा असला तरीही.